शिवणीतली माया

शिंप्याच्या भाषेत ‘माया’ म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेले जास्तीचे कापड. मापाने शिवलेला ब्लाउज उलटा करून बगलेखालची शिवण पाहावी. तिथे बोट-दीड बोट रुंद कापड मोकळे दिसते आणि त्यावर एकीशेजारी एक अशा दोन-तीन टिपा मारलेल्या असतात. अंगालगतची टीप आजच्या मापाची, बाहेरच्या पुढच्या वर्षांसाठी. आतली टीप उसवली की ब्लाउज थोडा सैल होतो, दुसरी उसवली की आणखी. शाळेच्या पिनाफ्रॉकची खालची दुमड अशीच दर जूनमध्ये सोडली जाई आणि घेराच्या शेवटी गडद रंगाचा एक पट्टा उमटे, कारण दुमडीत राहिलेल्या कापडाला ऊन लागलेले नसे. भारतातल्या कपड्यांच्या बाजाराबद्दल बोलताना आपण मॉल, ब्रँड आणि ऑनलाइन खरेदी यांची चर्चा करतो. गेल्या पंचवीस वर्षांतला सर्वांत अर्थपूर्ण बदल मात्र या शिवणीत झाला आहे. माया गेली, आणि तिच्याबरोबर कपड्याची किंमत मोजण्याची आपली जुनी रीतही गेली.

ती रीत नीट समजून घ्यायला हवी. आपला देश बराच काळ शिंप्यांचा देश राहिला, त्यामागे सवयीइतकेच धोरणही होते. तयार कपड्यांचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखीव होते आणि ते आरक्षण २००० सालच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग धोरणाने उठू लागले. तोपर्यंत मोठ्या गिरण्यांनी कापड विणायचे आणि गल्लीतल्या शिंप्याने ते शिवायचे, अशी कामाची वाटणीच होती. ठाण्यात १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडने ‘पार्क अव्हेन्यू’ या नावाने तयार कपडे आणले ते १९८६ साली. त्याआधीची साठ वर्षे त्या कंपनीचे नाव कापडावर चालले. दुकानदार तागा उलगडून पन्हा दाखवी, गिऱ्हाईक बोटांत चिमटीने पोत पाही, मग कापड फाटे आणि शिंप्याकडे जाई. या व्यवहारात दोन किमती उघड होत्या, एक कापडाची आणि दुसरी शिलाईची. शिवाय कापड गिऱ्हाइकाचे होते. सगळा मुद्दा इथेच आहे. शिवणीत दोन बोटे कापड जास्त राहिले तर शिंप्याच्या खिशातून काहीच जात नव्हते. उलट तेच शरीर पुढच्या वर्षी थोडे भरून त्याच्या दारात आले की त्याची कारागिरी पुन्हा कामी येई. म्हणजे माया हा शिंप्याचा चांगुलपणा होता असे मानण्याचे कारण नाही. कापड कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

तयार कपड्यात ते कापड कारखान्याचे होते. साध्या कपड्याच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचाच असतो, म्हणून कारखान्यात ‘मार्कर’ आखणाऱ्याला मान असतो. पाठ, पुढा, बाह्या, पट्ट्या यांचे आकार कापडावर इतके चपखल बसवायचे की कातरण कमीत कमी निघावे. हा हिशेब कोणालाही घरी करता येईल. समजा, एका कुर्तीला दोन-सव्वादोन चौरस मीटर कापड लागते. दोन्ही बगलांच्या चार कडांना मीटरभर लांबीत प्रत्येकी इंचभर माया ठेवली, तर दशांश चौरस मीटर कापड जास्त जाते. म्हणजे साडेचार ते पाच टक्के. एक लाख कुर्त्या काढणाऱ्या कारखान्याला तेवढ्याच कापडात साडेचार हजारांहून अधिक कुर्त्या जास्तीच्या मिळतात. म्हणून माया काढली गेली. ओव्हरलॉक मशीन शिवता शिवता कड कापते, दोऱ्याने बांधते आणि शिवणीपलीकडे सेंटिमीटरभरही कापड उरू देत नाही. मायेची जागा घेतली लायक्रा नावाच्या ताणणाऱ्या धाग्याने. अंग वाढले की कापड ताणले जाते, त्यामुळे उसवण्याची गरज नाही, असे गिऱ्हाइकाला वाटते. पण धुण्या-वाळवण्यात तो ताण हळूहळू ढिला पडतो आणि गेलेला ताण परत येत नाही. उसवलेली टीप पुन्हा मारता येत असे, हा फरक लहान नाही.

मापांचीही तीच गोष्ट आहे. शिंपी एका माणसाचे माप घेई, कारखाना सरासरीचे घेतो, आणि ती सरासरी अनेक वर्षे परदेशी शरीरांची होती. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ साली स्थापन झाली. भारतीय शरीरांची मोजमापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याचा तिचा ‘इंडियासाइझ’ प्रकल्प अगदी अलीकडचा. त्यात सहा शहरांतल्या पंचवीस हजारांवर माणसांची मापे घेण्याचे ठरले. मधल्या तीन दशकांत शॉपर्स स्टॉप (१९९१), पँटलून्स (१९९७), मिंत्रा (२००७) आले, २००५ च्या पहिल्या दिवशी कापड आणि कपड्यांच्या व्यापारावरची जागतिक कोटापद्धत संपली, आणि देशभर एस-एम-एल ही तीन अक्षरे रुजली. खांद्याला बसते ते पोटाला बसत नाही, कमरेला बसते ते लांबीला जास्त होते, हे दुखणे माया असती तर शेजारच्या शिंप्याकडे बरे झाले असते. आता शिंपी कपडा आत घेऊ शकतो, बाहेर काढू शकत नाही.

खरेदीचे वेळापत्रकही बदलले. लग्नाचा बस्ता, दिवाळी, ईद, शाळेचा जून हे कपडे घेण्याचे ठरलेले प्रसंग होते, आणि दोन प्रसंगांमधला काळ कपड्याने निभावून न्यायचा असे. आज कपडा भाजीसारखा येता-जाता घेतला जातो. झुडिओ या स्वस्त तयार कपड्यांच्या साखळीची दुकाने २०१६ च्या सुमारास सुरू झाली आणि मार्च २०२५ अखेर साडेसातशेच्या वर गेली. ऑनलाइन विक्री न करता, बहुतेक वस्तू हजार रुपयांच्या आत ठेवून हे घडले. कराच्या पायऱ्यांनीही या किमतीला बळ दिले. जुलै २०१७ पासून हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर पाच टक्के आणि त्यापुढे बारा टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंत पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के झाला. पाच टक्क्यांची सोय जास्त लोकांपर्यंत पोचली हे चांगलेच झाले. तरीही कर फक्त चिठ्ठीवरची किंमत वाचतो. दहा वर्षे टिकणारा तीन हजारांचा तयार कुर्ता आणि एका हंगामात गोळे धरणारा तीनशेचा टॉप यांच्या आयुष्यातले अंतर त्याला दिसत नाही.

जुन्या हिशेबात कपड्याचे म्हातारपणसुद्धा धरलेले असे. लुगडे मध्यभागी विरले की तो भाग कापून दोन धड तुकडे जोडत. त्याला दंड घालणे म्हणत. पुढे त्याचीच गोधडी, गोधडीची फडकी. बोहारीण दारावर आली की जुन्या साड्या आणि शर्ट-पँटींच्या बदल्यात स्टीलचे पातेले मिळे, आणि त्या घासाघिशीत घरातल्या बाईला आपल्या जुन्या कपड्याचा बाजारभाव कळे. गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजातल्या बायकांनी उभा केलेला हा व्यापार किती मोठा आणि किती बारकाईचा आहे, हे ल्यूसी नॉरिस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीत राहून अभ्यासले आणि २०१० साली त्यावर पुस्तक लिहिले. शेवटच्या टप्प्यावर पानिपतच्या गिरण्या लोकरीच्या चिंध्या पिंजून घोंगड्यांचे सूत काढत. हा व्यवहार आजही चालू आहे, पण पॉलिस्टर, सूत आणि लायक्रा एकत्र विणलेल्या कापडाचे धागे सुटे करणे फार अवघड असते. अशा कपड्याची गोधडी ऊब देत नाही, त्याचे फडके पाणी शोषत नाही. पातेल्याच्या व्यवहारात त्याला भाव येणार तरी कुठून?

यावर पहिला आक्षेप येईल तो सर्वांत गंभीर आहे. मायेचे आणि ठिगळाचे हे कौतुक ज्यांना ठिगळ लावावे लागले नाही त्यांनी करावे, असे कोणी म्हणेल. थोरल्याचे कपडे धाकट्याने घालायचे, सणाला एक नवा जोड मिळायचा आणि तोही वाढत्या मापाचा, ढगळ, ही गरिबीच होती. स्वस्त तयार कपड्याने मोलकरणीच्या मुलीला आणि मालकिणीच्या मुलीला एकाच तऱ्हेची जीन्स दिली. अंगावरच्या कापडावरून जात आणि ऐपत ओळखणाऱ्या समाजात ही बरोबरी फार मोलाची आहे. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच स्वस्त कपड्यावर कर वाढवा असे कोणी सुचवले तर त्याला माझा विरोध राहील. पण कपडा वाढत नाही याचा फटका नेमका कोणाला बसतो तेही पाहू. पैसेवाल्याच्या मुलाला सहा महिन्यांत दुसरी पँट मिळते. ज्याच्या घरी दुसरी पँट घेणे हा महिन्याच्या खर्चातला विचार असतो, त्याच्यासाठी न वाढणारी तीनशेची पँट वर्षाला सहाशेची होते. स्वस्ताई गरिबाच्या नावाने येते आणि तिचा दुसरा हप्ताही गरीबच भरतो.

दुसरा आक्षेप असा की शिंपी वेळेवर देत नाहीत, बिघडवतात, आणि शिलाई कपड्याहून महाग झाली आहे. हेही खरे आहे. कारखान्यांनी तिरुप्पूर, बंगळूरू अशा ठिकाणी लाखो स्त्रियांना पगाराचे काम दिले, तेही खरे. त्यामुळे मागे फिरून सगळ्यांनी शिंप्याकडे जावे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे कारखान्याबद्दल आहे. कारखान्याला माया ठेवता येते, याचा पुरावा बाजारातच आहे. तयार लेहंगे, शेरवान्या आणि ऑनलाइन मिळणारे तयार ब्लाउज यांच्या वर्णनात ‘आत दोन इंच मार्जिन’ असे ठळक लिहिलेले असते. तिथे गिऱ्हाईक माया मागते, कारण लग्नाच्या कपड्याला आपण अजूनही वस्तू मानतो. रोजच्या कुर्तीला, मुलांच्या पँटीला तोच प्रश्न विचारणे आपण सोडून दिले आहे, आणि जे कोणी मागत नाही ते पाच टक्के कापड कारखाना कशाला देईल? फ्रान्सने २०२३ च्या नोव्हेंबरपासून कपडे दुरुस्त करून घेणाऱ्याला सहा ते पंचवीस युरोंपर्यंत सवलत सुरू केली. दुरुस्तीला पैसे देणे चांगले, पण शिवणीत कापडच नसेल तर दुरुस्त काय करणार, हा प्रश्न तिथेही उरतोच.

महाराष्ट्रात सुरुवात करायला एक जागा तयार आहे. सरकारी योजनेत पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत गणवेश मिळतो. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच कापड आणि बचत गटांकडून शिलाई असा प्रयोग झाला. उशीर आणि मापांच्या तक्रारी आल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. वाढत्या वयाच्या मुलांचे माप कोणत्याही कार्यालयातून अचूक घेता येणार नाही, चूक सामावून घेणारा कपडा मात्र शिवता येतो. गणवेशाचे कापड कोणीही घेवो, शिलाई कोणीही करो, पुढच्या जूनच्या करारात एक ओळ घालावी: बगलेत आणि कमरेत इंचभर माया, खाली तीन इंचांची दुमड. शाळा समितीवर असलेल्या पालकांनी ही ओळ मागावी. आणि या दिवाळीला मुलांसाठी कपडे घेताना दुकानातच ते उलटे करून शिवण पाहावी, माया नसेल तर दुकानदाराला तसे सांगावे.