टपालाने मागविलेली बडीशेपेची रोपे कशी जगवावीत?

बडीशेप हे कोथिंबीर, ओवा, गाजर व शेपू यांच्या कुळातील मसाल्याचे पीक होय. गुजरात व राजस्थान या राज्यांत त्याची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. आपल्याकडे ज्या शेतकऱ्यास हे पीक प्रथम गुंठा-दोन गुंठ्यांवर करून पाहावयाचे असते, तो पुष्कळदा दूरच्या रोपवाटिकेतून टपालाने रोपे मागवितो. रोपे येतात त्या दिवशी टवटवीत दिसतात. परंतु लागणीनंतर आठवडाभरात त्यांतील बरीच माना टाकतात आणि पैसा व हंगाम दोन्ही वाया जातात.

या पिकास सोटमूळ असते. त्यावरील बारीक तंतुमुळे प्रवासात सुकली किंवा तुटली, तर पाला हिरवा दिसत असूनही रोप पाणी ओढू शकत नाही. तथापि गुजरातेत पावसाळी बडीशेपेची रोपे गादीवाफ्यावर वाढवून दीड-दोन महिन्यांनी शेतात लावतात. म्हणजे हे पीक पुनर्लागण सोसते. मात्र मुळांची जपणूक व्हावयास हवी.

मागणीपूर्वी

प्रथम जमीन तयार करावी आणि मगच रोपे मागवावीत. पाण्याचा निचरा होणारी जमीन निवडून तीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ९० × ६० सेंटिमीटर अंतराने गुंठ्यास सुमारे १८७ रोपे लागतात. नांगे भरण्यासाठी वीस रोपे अधिक मागवावीत. उघड्या मुळांच्या रोपांपेक्षा प्रो-ट्रेमध्ये कोकोपीटवर वाढविलेली रोपे प्रवास अधिक सोसतात. रविवारी वा सणाच्या सुटीत पार्सल अडकणार नाही, अशा बेताने ते पाठविण्यास सांगावे.

रोपे हाती आल्यावर

पार्सल तत्काळ सावलीत उघडावे. पान चुरगळून बडीशेपेचा गोडसर वास येतो की नाही, हे पाहावे. कारण शेपूचे रोप दिसावयास अगदी असेच असते. काळी पडलेली, बुळबुळीत मुळे असलेली रोपे वेगळी काढावीत. ट्रेच्या तळाशी मुळांचे वेटोळे झाले असल्यास रोप फार दिवसांचे समजावे; असे रोप खुरटे राहून लवकर फुलावर येण्याचा संभव असतो.

ट्रेमधील रोपे दोन-तीन दिवस सावलीत ठेवून त्यांना बेताचे पाणी द्यावे व क्रमाने सकाळचे कोवळे ऊन दाखवावे. उघड्या मुळांच्या रोपांना मात्र थांबवू नये. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच सायंकाळी लावावीत. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्यास मुळे गुदमरतात.

लागण

लागण सायंकाळी किंवा ढगाळ दिवशी करावी. सोटमूळ सरळ उतरेल इतका खोल खड्डा घ्यावा. मूळ दुमडू देऊ नये. रोपवाटिकेत रोप जेवढे मातीत होते तेवढेच येथेही ठेवावे. त्याचा कोंब गाडला जाऊ नये. माती हलक्या हाताने दाबून लगेच पाणी द्यावे आणि तीन-चार दिवसांनी आंबवणी करावी. पाणी साचू देऊ नये, कारण कोमेजलेल्या रोपास पुन्हा पुन्हा पाणी दिल्याने मूळ कुजते. कडक उन्हात डहाळ्यांची सावली करावी. मधोमध नवीन पान दिसेपर्यंत नत्रखत देऊ नये.

आठव्या दिवशी जगलेली रोपे मोजावीत व राखीव रोपांनी नांगे भरावेत. हा आकडा वहीत टिपून ठेवल्यास पुढील वर्षाचा निर्णय सोपा होतो. क्षेत्र वाढवावयाचे झाल्यास मात्र रोपे विकत घेणे परवडत नाही. हेक्टरी ३ ते ४ किलो बियाणे गादीवाफ्यावर टाकून स्वतःच रोपे तयार करावीत. टपालाची रोपे ही पिकाची ओळख करून घेण्यासाठीच होत. ती ओळख एका गुंठ्यावर नीट झाली, तर पुढचे धाडस अंधारातले राहत नाही.