वर्गीकरण आणि संरक्षण : एक रानफूल व एक बंबलबी

वर्गीकरण म्हणजे केवळ नामकरणाची सोय, असा एक समज रूढ आहे. तथापि एखाद्या जीवाला कायद्याचे संरक्षण किती मिळावे, हेही वर्गीकरणावर अवलंबून असते. अमेरिकेतील दोन जीवांच्या तुलनेवरून हे स्पष्ट होते.

त्यांपैकी पहिला जीव म्हणजे अ‍ॅकोनिटम नोव्हेबोरासेन्स ही निळ्या, टोपीसारख्या फुलांची वनस्पती. तिचे कुल मोरवेलीचे, म्हणजे रॅनन्क्युलेसी, व वंश बचनागाचा. न्यूयॉर्क, ओहायो, विस्कॉन्सिन व आयोवा या राज्यांतील थंड, ओलसर कड्यांच्या आश्रयाने ती वाढते. तिचे परागण बंबलबी करतात. दुसरा जीव म्हणजे बॉम्बस अफिनिस ही याच बंबलबींपैकी एक जाती. मधमाशीप्रमाणे तीही एपिडी कुलातील असून तिच्या कामकरी माश्यांच्या उदरावर तांबूस डाग असतो.

१९७३ च्या संकटग्रस्त जाती कायद्यान्वये वनस्पतीची नोंद १९७८ साली 'धोक्यात येऊ घातलेली', तर माशीची २०१७ साली 'नष्ट होण्याच्या धोक्यातील' अशी झाली. वनस्पतीचे अधिवासच मुळात मोजके. माशी मात्र एके काळी विस्तृत प्रदेशात सर्रास आढळे व १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झपाट्याने घटली. एकीचे दुर्मिळत्व स्वाभाविक, तर दुसरीचे ऱ्हासजन्य होय.

संरक्षणातील भेद याहून मूलगामी आहे. संकटग्रस्त प्राण्यास मारणे वा इजा करणे खाजगी जमिनीवरही निषिद्ध असते. वनस्पती उपटण्यास वा नष्ट करण्यास कायद्याची बंदी आहे ती मुख्यतः संघशासनाच्या जमिनीवर. अन्यत्र राज्याचा कायदा मोडला गेला तरच ती लागू होते. म्हणजे जीव कोणत्या सृष्टीतील, यावर कायद्याचा आवाका ठरतो.

जातीच्या सीमेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. या कायद्यानुसार एखादा स्थानिक समूह स्वतंत्रपणे संरक्षिता येतो तो केवळ पृष्ठवंशी प्राण्यांच्या बाबतीत. वनस्पती व कीटक यांना निदान उपजातीचा दर्जा आवश्यक असतो. १९९७ साली 'फ्लोरा ऑफ नॉर्थ अमेरिका' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात प्रस्तुत वनस्पती पश्चिमेकडे दूरवर पसरलेल्या अ‍ॅकोनिटम कोलंबियानम या जातीत समाविष्ट करण्यात आली. हे मत स्वीकारून तिला उपजातीचाही वेगळा दर्जा न दिल्यास, पूर्वेकडील मोजक्या समूहांच्या स्वतंत्र संरक्षणाचा आधारच नाहीसा होतो. फूल तेच, कडाही तोच. बदलते ती केवळ त्याची व्याख्या.