एका साच्यातून अनेक सर्व्हर

एकाच सक्षम संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालवावेत, ही कल्पना नवीन नाही. आय.बी.एम. कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच जाहीर केली होती. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम या सोयीचा समावेश झाला आणि सामान्य सर्व्हरवरही हे काम सुलभ झाले. याच केव्हीएमच्या आधारावर ऑस्ट्रियातील एका कंपनीने २००८ मध्ये प्रॉक्समॉक्स व्हीई ही मुक्त प्रणाली उपलब्ध करून दिली. तीवरील प्रत्येक आभासी यंत्रास स्वतःची कार्यप्रणाली, स्मृती, डिस्क आणि जाळ्यातील पत्ता असतो.

असे प्रत्येक यंत्र मुळापासून उभारावयाचे म्हटले, तर वेळ जातो; शिवाय दोन कर्मचाऱ्यांनी उभारलेली दोन यंत्रे सहसा एकसारखी नसतात. म्हणून एक यंत्र काळजीपूर्वक सिद्ध करून त्याचा साचा बनवितात आणि पुढील यंत्रे त्यावरून काढतात. यात खरे कौशल्य भरण्यापेक्षा पुसण्याचे आहे.

बहुतेक लिनक्स यंत्रांत ‘मशीन-आयडी’ नावाचा ३२ अक्षरी ओळखक्रमांक असतो. तो साच्यात तसाच राहिला, तर सर्व प्रतींना तोच मिळतो. उबुंटूच्या अलीकडील आवृत्त्या जाळ्यातील पत्ता मागताना याच क्रमांकावरून आपली ओळख सांगतात. परिणामी दोन यंत्रांना एकच पत्ता दिला जातो आणि दोन्हींची सेवा अधूनमधून खंडित होते. दोष मात्र जाळ्याच्या तारांमध्ये शोधला जातो! यासाठी ही फाईल नष्ट न करता रिकामी ठेवावी. यंत्र प्रथम सुरू होताच नवा क्रमांक आपोआप तयार होतो.

याहून गंभीर बाब एसएसएच किल्ल्यांची आहे. दूरस्थ प्रवेशाच्या वेळी आपण योग्य सर्व्हरशीच बोलत आहोत, याची खात्री या किल्ल्यांवरून पटते. त्या सर्व प्रतींत समान असतील, तर एका यंत्रातून किल्ली चोरणारा इसम उरलेल्या सर्व यंत्रांचे सोंग घेऊ शकतो. साचा करण्यापूर्वी त्या काढून टाकणे अगत्याचे आहे. तथापि त्या पुन्हा निर्माण करण्याची व्यवस्थाही हवी. डेबियनवर ती नसेल, तर एसएसएच सेवा सुरूच होत नाही आणि बाहेरून प्रवेशाचा मार्ग बंद होतो.

हे काम क्लाउड-इनिट ही प्रणाली करते. यंत्र प्रथम सुरू होताना ती नव्या किल्ल्या बनविते. तसेच प्रॉक्समॉक्सने जोडलेल्या छोट्या डिस्कवरून यंत्राचे नाव, वापरकर्ता आणि जाळ्याचा तपशील वाचून घेते. पेणच्या गणेशमूर्तींचे असेच असते: साचा एक, पण डोळ्यांची आखणी प्रत्येक मूर्तीची स्वतंत्र. विंडोजसाठी हेच कार्य मायक्रोसॉफ्टचे सिसप्रेप करते. जुन्या नोंदवह्या, तात्पुरत्या फाईली आणि चाचणीसाठी ठेवलेले परवलीचे शब्दही याच वेळी पुसावेत. परवलीचा एखादा विसरलेला शब्द प्रत्येक प्रतीत जातो, हे वेगळे सांगावयास नको.

साचा जुना होऊ देणे हाही धोकाच होय. ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आला. त्यापूर्वीच्या दोषयुक्त आवृत्तीचा साचा तसाच वापरला असता, तर नवे यंत्रही जन्मतःच सदोष ठरले असते.

प्रॉक्समॉक्समध्ये साच्याचे रूपांतर पुन्हा साध्या यंत्रात करता येत नाही. म्हणून त्याची पूर्ण प्रत काढावी, ती अद्ययावत करावी, वर सांगितल्याप्रमाणे पुसून स्वच्छ करावी आणि नावात तारीख घालून तिचा नवा साचा करावा. जुन्या साच्यावरून काढलेल्या पूर्ण प्रती स्वतंत्र असतात. संलग्न प्रती त्वरित तयार होतात व जागाही कमी घेतात, परंतु त्या मूळ साच्याच्या डिस्कवर कायम विसंबून असतात. अशी एकही प्रत वापरात असेपर्यंत जुना साचा जपून ठेवावा लागतो.