आघाडीवरच्या उमेदवाराची दांडी

अमेरिकेत अध्यक्षपदाचे तिकीट पक्षश्रेष्ठी वाटत नाहीत. प्रत्येक राज्यातले मतदार आधी आपापल्या पक्षाचा उमेदवार निवडतात. या फेरीला तिथे प्रायमरी म्हणतात. इच्छुक सगळे एकाच पक्षाचे, त्यांचे विचारही बरेचसे सारखे. मग मतदाराने निवड करायची कशावरून? यासाठीच वादविवादाची प्रथा रुजली. १७ मे १९४८ रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये थॉमस ड्यूई आणि हॅरल्ड स्टॅसन हे दोन रिपब्लिकन इच्छुक रेडिओवर समोरासमोर आले. विषय एकच होता : कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालावी की नाही? बंदीला विरोध करणारे ड्यूई ती प्रायमरी जिंकले आणि पुढे पक्षाचे उमेदवारही झाले.

मात्र वादविवादाला हजर राहण्याची सक्ती करणारा कायदा नाही. जो सर्वांत पुढे आहे, त्याला तिथे जाऊन मिळवायचे थोडे आणि गमवायचे फार असते, कारण बाकीच्या सगळ्यांचा रोख त्याच्यावरच असतो. रोनाल्ड रेगन यांनी १९८०च्या जानेवारीत हाच हिशेब केला आणि आयोवातला वादविवाद टाळला. तो हिशेब अंगाशी आला. आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे मतदारांच्या स्थानिक सभांमधून होणाऱ्या निवडीत, जॉर्ज बुश (थोरले) पुढे गेले. रेगन यांनी लगेच धोरण बदलले, न्यू हॅम्पशायरमधल्या वादविवादांत ते उतरले आणि ते राज्य मोठ्या फरकाने जिंकले. २०१६मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनीही सूत्रसंचालक मेगन केली यांच्याशी झालेल्या वादातून आयोवातल्या वादविवादावर बहिष्कार टाकला आणि त्याच वेळी त्याच शहरात माजी सैनिकांसाठी निधी गोळा करणारी वेगळी सभा घेतली. चारच दिवसांनी टेड क्रूझ यांनी त्यांना आयोवात हरवले.

त्यामुळे २०२३मध्ये ट्रम्प पुन्हा गैरहजर राहणार म्हटल्यावर मतभेद होणारच होते. मिलवॉकी शहरात २३ ऑगस्टला वादविवादासाठी आठ रिपब्लिकन इच्छुक मंचावर आले. त्यांत रॉन डिसँटिस, माइक पेन्स आणि ख्रिस ख्रिस्ती होते, तसेच भारतीय वंशाचे निकी हॅली आणि विवेक रामस्वामी. जो उमेदवार ठरेल त्याला पाठिंबा देण्याचे लेखी वचन ही पक्षाची एक अट होती. ट्रम्प यांना ती मान्य नव्हती. लोक आपल्याला ओळखतात आणि जनमत चाचण्यांत आपण कितीतरी पुढे आहोत, मग वादविवाद कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच रात्री टकर कार्लसन यांनी घेतलेली त्यांची मुलाखत समाजमाध्यमावर प्रसारित झाली.

समर्थकांना ही चाल चतुर वाटली, आणि निवडणुकीच्या गणितात ती चतुर होतीही. मंचावरचे इच्छुक एकमेकांवरच तुटून पडले. ट्रम्प त्यांच्यावरच्या खटल्यांत दोषी ठरले तरी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा द्याल का, या प्रश्नावर आठपैकी सहा जणांनी हात वर केले. प्रतिस्पर्धीच एवढे कचरत असतील तर गैरहजर माणसाचे काय बिघडणार? दुसऱ्याच दिवशी अटलांटाच्या तुरुंगात आरोपी म्हणून काढलेले ट्रम्प यांचे छायाचित्र सर्वत्र झळकले आणि वादविवादाची चर्चा मागे पडली. पुढच्या वादविवादांनाही ते गेले नाहीत. १५ जानेवारी २०२४ रोजी आयोवात त्यांना ५१ टक्के मते मिळाली.

टीकाकारांचा आक्षेप वेगळ्या पातळीवरचा होता, आणि तोच अधिक वजनदार आहे. वादविवाद ही उमेदवाराची सोय नसून मतदाराचा हक्क आहे. सभेत टाळ्या वाजवणारे आपलेच असतात, मुलाखत घेणारा आपल्या पसंतीचा असतो. प्रतिस्पर्ध्याने तोंडावर विचारलेला प्रश्न मात्र टाळता येत नाही. १९८० आणि २०१६मध्ये आयोवाच्या मतदारांपुढे तुल्यबळ पर्याय होते, म्हणून दांडी महागात पडली. आघाडी प्रचंड असली की दांडीची शिक्षा होत नाही, मतदाराचे नुकसान मात्र तेवढेच होते.

हे केवळ रिपब्लिकन पक्षाचे दुखणे नाही. २०२४साठी डेमोक्रॅटिक पक्षाने प्रायमरीचे वादविवाद घेतलेच नाहीत. तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांना स्वपक्षीयांच्या प्रश्नांना मंचावर सामोरे जावे लागले नाही. त्यांची अडखळती अवस्था देशाने स्पष्टपणे पाहिली ती २७ जूनला, ट्रम्प यांच्यासमोर. तोवर प्रायमरी संपल्या होत्या. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. कमला हॅरिस यांची उमेदवारी मग पक्षाच्या प्रतिनिधींनी ठरवली. त्यांच्याविषयी प्रायमरीत मत देण्याची संधी मतदारांना मिळालीच नाही.