पिशवीतील रोपाची भूक

मुलांनो, मराठी शिकताना काही शब्द तुमची गंमत करतात. उर्दूत 'खत' म्हणजे पत्र. मराठीत मात्र झाडांच्या वाढीसाठी मातीत घालतात ते 'खत'. उर्दूत 'कुंडी' म्हणजे दाराची कडी. मराठीत कुंडी म्हणजे रोप लावण्याचे भांडे. म्हणून "कुंडीत खत घाल" असे कोणी सांगितले, तर कडीला चिठ्ठी अडकवू नका! या पाठात आपण कुंडीतील आणि पिशवीतील रोपांच्या खताची माहिती घेणार आहोत.

जून महिन्यात कोल्हापुरात पाऊस सुरू झाला, की शाळाशाळांत झाडे लावण्याची गडबड उडते. १ ते ७ जुलै हा वनमहोत्सवाचा आठवडा. आपल्या देशात वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला. १ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्र शासनाने एकाच दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता. रोप लावणे सोपे असते. पुढच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते जगेल का, हा खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर बरेचसे रोपवाटिकेतील काळ्या पिशवीत दडलेले असते.

रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांच्या रांगाच रांगा दिसतात. त्यांत माती, वाळू आणि शेणखत यांचे मिश्रण भरलेले असते. शेतातील झाड आपली मुळे दूरवर पसरून अन्न शोधते. पिशवीतील रोपाला तसे करता येत नाही. पाच इंच रुंद आणि सात इंच उंच पिशवीत साधारण किलोभर माती मावते. तेवढ्यातच त्याला संसार करावा लागतो. तिथले अन्न संपले, की बाहेरून द्यावे लागते.

रोपाला अनेक अन्नद्रव्ये लागतात. त्यांत नायट्रोजन महत्त्वाचा. शेतकरी त्याला 'नत्र' म्हणतात. प्रथिने नत्रावाचून बनत नाहीत, आणि पानांना हिरवा रंग देणारे हरितद्रव्यही बनत नाही. आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. पण झाडाला तो हवेतून घेता येत नाही. समुद्रात बसलेल्या तहानेल्या माणसासारखी त्याची स्थिती होते. करंज आणि खैर यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतील जिवाणू हवेतील नायट्रोजन पकडून झाडाला देतात. चिंच आणि बहावा यांनाही शेंगा येतात, पण त्यांच्या मुळांवर अशा गाठी नसतात. बाकीच्या बहुतेक झाडांप्रमाणे त्यांनाही मातीतील नत्रावर जगावे लागते.

मातीतील नत्र वाढवण्यासाठी युरिया वापरतात. १०० ग्रॅम युरियात ४६ ग्रॅम नायट्रोजन असतो. युरियाचे पांढरे दाणे मातीत पडले, की लगेच रोपाचे पोट भरते असे नाही. आधी मातीतील एका विकरामुळे युरियाचे अमोनियममध्ये रूपांतर होते. याला थोडे दिवस लागतात. नंतर मातीतील जिवाणू अमोनियमपासून नायट्रेट तयार करतात. रोपाची मुळे अमोनियम आणि नायट्रेट ही दोन्ही रूपे घेतात.

या दोन रूपांत मोठा फरक आहे. अमोनियमवर धन विद्युतभार असतो आणि मातीच्या बारीक कणांवर ऋण. त्यामुळे माती अमोनियमला धरून ठेवते. नायट्रेटवर ऋण भार असतो, म्हणून माती त्याला धरत नाही. ते पाण्यात विरघळते आणि पाण्याबरोबर निघून जाते. पिशवीला खाली भोके असतात. सकाळ-संध्याकाळ झारीने भरपूर पाणी घातले, तर नायट्रेट त्या भोकांतून बाहेर पडते. मग खत रोपाच्या नावाने घातले, पण पोचले गटारात, असे होते. गगनबावड्यासारख्या धो धो पावसाच्या भागात उघड्यावर ठेवलेल्या पिशव्यांतून हे नुकसान अधिकच होते.

आता मुळे नत्र कसा घेतात ते पाहू. मुळांवर केसांसारखे बारीक तंतू असतात. पाण्यातील नायट्रेट ते आत ओढून घेतात. हे काम आपोआप होत नाही. त्यासाठी ऊर्जा लागते. पानांत तयार झालेली साखर मुळांपर्यंत येते. तेथे हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने तिच्यापासून ऊर्जा मिळते. म्हणजे मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पिशवीची भोके बुजून आत पाणी साचले, तर मुळे गुदमरतात. मातीत नत्र असूनही त्यांना तो घेता येत नाही, आणि पाने पिवळी पडतात. लोकांना वाटते, खत कमी पडले. ते आणखी युरिया घालतात. रोगी एक आणि औषध भलतेच!

जास्त युरियाने काय होते? लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की त्यांना पाणी सुटते. मीठ फोडींतील पाणी बाहेर खेचते. पिशवीत मूठभर युरिया पडला, तर मुळांचीही तीच गत होते. पाणी मुळांत जाण्याऐवजी मुळांतूनच बाहेर येते. पानांच्या कडा करपतात आणि रोप दोन-चार दिवसांत मान टाकते.

म्हणून रोपाला थोडे थोडे आणि वरचेवर द्यावे. एक लीटर पाण्यात एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, युरिया विरघळवून तो पंधरा दिवसांतून एकदा दिला तरी लहान रोपाला पुरतो. मातीत शेणखत असेल, तर नत्र सावकाश सुटत राहतो. निंबोळी पेंड घातली, तर नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी होतो आणि नत्र जास्त दिवस टिकतो. याच कारणाने २०१५ साली केंद्र सरकारने देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे सक्तीचे केले.

घेतलेला सगळा नत्र रोप लगेच खर्च करत नाही. काही भाग ते मुळांत, खोडात आणि सालीत साठवते. सागाची पाने गळण्यापूर्वी त्यांतील बराचसा नत्र खोडात परत येतो. शास्त्रज्ञांनी कुंडीत वाढवलेल्या सफरचंदाच्या रोपांवर याचे प्रयोग केले. त्यांनी नेहमीच्या नायट्रोजनपेक्षा थोडा जड नायट्रोजन खतातून दिला. जड असल्यामुळे तो रोपात कोठे गेला हे ओळखता येते. त्यांना असे आढळले, की वसंत ऋतूतील पहिली पालवी मुख्यतः आदल्या वर्षी साठवलेल्या नत्रावर फुटते. आपले रोपही नव्या खड्ड्यात गेल्यावर आधी शिदोरी सोडते. ही शिदोरी पिशवीतच बांधलेली असते.

मग भरपूर नत्र देऊन रोप उंच का करू नये? कारण जास्त नत्राने शेंडा आणि पाने भराभर वाढतात, पण मुळे त्या मानाने मागे राहतात. असे रोप दिसायला देखणे असते. मात्र पाऊस संपल्यावर एवढ्या पानांना पाणी पुरवणे त्याच्या मुळांना जमत नाही. म्हणून लावणीच्या महिनाभर आधी युरिया बंद करतात आणि पाणी हळूहळू कमी करतात. त्यामुळे रोप काटक होते. रोपवाटिकेतून रोप निवडताना सर्वांत उंच रोप उचलू नका. जाड बुंध्याचे, मध्यम उंचीचे रोप घ्या.

वाया गेलेले नायट्रेट नाहीसे होत नाही. ते झिरपत विहिरीत आणि नदीत पोचते. पिण्याच्या एक लीटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे आपल्या देशाचे मानक आहे. जास्त नायट्रेटचे पाणी तान्ह्या बाळांना फार घातक असते. त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती कमी होते. पंचगंगेवर पसरणारी जलपर्णीसुद्धा सांडपाण्यातून आणि शेतांतून आलेल्या अशाच अन्नद्रव्यांवर पोसते. एका पिशवीतून जाणारे नायट्रेट थोडे. पण लाखो पिशव्या आणि हजारो एकर ऊस यांचा हिशेब मोठा होतो.

तुमच्या रोपाचे पान पिवळे पडले, तर ते रोपाने तुम्हांला लिहिलेले 'खत' आहे असे समजा, उर्दूतले खत! ते आधी नीट वाचा. खालची, जुनी पाने पिवळी पडली असतील, तर नत्र कमी असण्याची शक्यता आहे. कारण रोप जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना देते. वरची कोवळी पाने पिवळी असतील, तर लोहासारखे दुसरे काही कमी असू शकते. पिशवीत पाणी साचले असेल, तर भोके मोकळी करा. एवढे पाहूनच मग मराठीतले खत घाला, आणि तेही चिमटीने.

शब्दार्थ
रोपवाटिका – रोपे तयार करण्याची जागा
विकर – शरीरातील किंवा मातीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ
झारी – झाडांना पाणी घालण्याचे भांडे
मान टाकणे – कोमेजून मरणे
शिदोरी – प्रवासासाठी बरोबर घेतलेले अन्न
काटक – सडपातळ पण कणखर

स्वाध्याय
१. नायट्रेट पाण्याबरोबर निघून जाते, पण अमोनियम मातीत टिकते. याचे कारण सांगा.
२. पिशवीत पाणी साचल्यावर युरिया घालून उपयोग का होत नाही?
३. 'खत' आणि 'कुंडी' यांसारखे, उर्दूत व मराठीत वेगळा अर्थ असलेले आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.
४. दोन सारखी रोपे घ्या. एकाला फक्त पाणी, दुसऱ्याला पाठात सांगितल्याप्रमाणे युरियाचे पाणी द्या. दोन महिने दर आठवड्याला पाने मोजून वहीत नोंद करा.