सेकंदाचा दहावा भाग आणि तळहाताएवढे रबर

१९७४ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’ या बाँडपटात एक मोटार मोडक्या पुलाच्या टोकावरून उडते, हवेत स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेते आणि कालव्यापलीकडे चाकांवर उतरते. थायलंडमध्ये हे दृश्य एकाच टेकमध्ये मिळाले. त्याचे श्रेय स्टंटमनच्या धाडसाइतकेच अमेरिकेतल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीतील संगणकाचेही आहे. रस्ता सोडून भरकटणाऱ्या गाड्यांचा अभ्यास करण्यासाठी रेमंड मॅकहेन्री यांनी तिथे एक प्रणाली लिहिली होती. उताराचा पीळ किती असावा आणि गाडीचा वेग किती, हे तिच्यावरून ठरले. तोल बिघडू नये म्हणून चालकाला गाडीत मधोमध बसवले होते. पुढे कुणाला तरी त्या उडीवर शिट्टीचा विनोदी आवाज चढवायची बुद्धी झाली, हे आपले दुर्दैव.

गाडी उडवणे एक, चुरगाळणे दुसरे. उडणारी गाडी अख्खी राहते, त्यामुळे तिला एक घट्ट ठोकळा मानून गणित भागते. धडकेत मात्र पत्रा दुमडतो, वेल्ड उकलतात, इंजिन मागे सरकते. हे सारे सेकंदाच्या दहाव्या भागात, फार तर त्याहून किंचित जास्त वेळात, आटोपते. या कामाचे हत्यार मोटार कारखान्यात घडले नाही. जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ‘डायना थ्रीडी’ ही संगणक प्रणाली लिहिली, ती कमी उंचीवरून टाकलेला बॉम्ब जमिनीवर आदळल्यावर त्याचे काय होते हे पाहण्यासाठी. आजची ‘एलएस-डायना’ तिचीच मुलगी. फ्रान्समध्ये ईएसआय या कंपनीने ‘पॅम-क्रॅश’ घडवली आणि जर्मन मोटार उद्योगाच्या संयुक्त प्रकल्पात ८० च्या दशकात फोक्सवॅगन पोलो ताशी ५० किलोमीटर वेगाने काँक्रीटच्या भिंतीवर संगणकातच आदळवली. रात्री रन लावायचा, सकाळी निकाल पाहायचा, ही त्या काळातली मोठी मजल होती.

गणिताची पद्धत ऐकायला सोपी आहे. गाडीचे लहान लहान चौकोनी तुकडे पाडायचे. याला मेशिंग म्हणतात. प्रत्येक तुकड्यावर न्यूटनचा नियम लावायचा, तुकडा किती हलला ते काढायचे, मग काळ एक पाऊल पुढे. पाऊल किती लहान असावे यावर मात्र निसर्गाचा पहारा आहे. धक्क्याची लाट पोलादातून सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने धावते. तुकडा ५ मिलिमीटरचा असेल तर ती एका मायक्रोसेकंदात तो ओलांडते, आणि हिशेबाचे पाऊल याहून मोठे पडले की आकडे स्फोट झाल्यासारखे उधळतात. म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंतच्या घटनेसाठी लाखाहून अधिक पावले, आणि दर पावलाला लाखो तुकडे. त्यात हे तुकडे लबाडही असतात. वेळ वाचवण्यासाठी त्यांचे गणित केवळ मध्यबिंदूवर केले, तर काही वेळा ते ऊर्जा न खर्चता वेडेवाकडे होतात. म्हणून जाणता अभियंता रंगीत ॲनिमेशन उघडण्याआधी ऊर्जेचा आलेख बघतो. जमाखर्च जुळत नसेल, तर पडद्यावरची धडक कितीही खरी दिसो, ती खोटीच.

पत्र्याने तरी आता संगणकाशी बऱ्यापैकी जमवून घेतले आहे. टायरने नाही. प्रत्येक चाकाखाली रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा. आत रबर, पोलादी तारा, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे धागे. तापमान, वेग, हवेचा दाब, भार, सगळ्यावर त्याची पकड बदलते. भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पासेका यांनी व्होल्वोच्या अभियंत्यांसोबत १९८७ मध्ये जे सूत्र मांडले, त्याला ‘मॅजिक फॉर्म्युला’च म्हणतात. साइन आणि आर्कटॅनच्या मिश्रणातून निघणारी ही वक्ररेषा प्रयोगशाळेत मोजलेल्या टायरच्या वागण्यावर अचूक बसते. का बसते, याचे भौतिक कारण त्यात शोधू नये. एका टायरचे आकडे दुसऱ्याला लावता येत नाहीत. नवा टायर आला की पुन्हा मोजणी. मला या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटते.

टायर आणि धडक यांची गाठ सर्वात वाईट पद्धतीने पडते ती अर्धवट टकरीत. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०१२ मध्ये गाडीचा फक्त २५ टक्के पुढचा भाग अडथळ्यावर आदळवणारी चाचणी सुरू केली. इथे सांगाड्याचे मुख्य दांडे हुकतात आणि चाकच पाय ठेवायच्या जागेत घुसू पाहते. रिम फुटेल का, हवा कधी जाईल, चाक सुटेल की अडकेल, यावर चालकाच्या पायांचे भवितव्य. संगणकात हे एक चाक चुकले, तर बाकी गाडी कितीही बारकाईने रचलेली असून उपयोग नाही.

अपघातानंतरच्या तपासातही टायरची खोडी तीच. चाके लॉक होऊन रस्त्यावर ४० मीटर खुणा पडल्या आहेत. घर्षणांक ०.७ धरला तर ब्रेक लावतानाचा वेग ताशी सुमारे ८४ किलोमीटर निघतो. पावसाने भिजलेल्या रस्त्यासाठी ०.४ धरला तर ६४. खुणा त्याच, गाडी तीच, पण एका आकड्याने चालक दोषी किंवा निर्दोष ठरू शकतो. तो आकडा कुठून आणला, हे न सांगणाऱ्या सिम्युलेशनला न्यायालयाने दारातच थांबवावे, असे माझे मत आहे.

पुण्याला हे जग परके नाही. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून इथे आहे. ताशी ६४ किलोमीटरच्या समोरच्या धडकेवर तारे देणारी भारत एनकॅप योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. परदेशी गाड्यांच्या दारांचे आणि बंपरांचे मेश पुण्याच्या कार्यालयांतली तरुण मुले करत असतात. मात्र पाच तारे मिळवणारी गाडी चाचणीत ठरलेल्या दाबाच्या, धडधाकट टायरवर उभी असते. कमी हवेच्या टायरची कड सतत वाकून तापते, आणि लांबच्या वेगवान रस्त्यावर तोच फुटतो.

तेव्हा दिवाळीला गावी निघण्याआधी दोन आकडे बघा. हवेचा दाब दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये भरा. टायरवर छापलेला दाब कमाल असतो. आणि टायरचे वय कळायला त्याच्या कडेवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ लिहिले असेल, तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला आहे.