भट्टीच्या आत काय चाललंय, हे सॉफ्टवेअरला कसं कळतं?

घातक कचरा जाळायला अनेक ठिकाणी रोटरी किल्न वापरतात. म्हणजे किंचित उतरता, सावकाश फिरणारा पोलादी नळा. कचरा त्यात घुसळत, जळत खाली सरकतो आणि निघणारा वायू पुढच्या कक्षात पुन्हा जाळतात.

क्लोरीनसारखे घटक जास्त असतील, तर युरोपीय नियमानुसार हा वायू ११०० अंश सेल्सिअसला किमान २ सेकंद राहायला हवा. नाहीतर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं धुराड्यातून बाहेर पडू शकतात.

पण फिरत्या नळ्यात जागोजागी तापमापक कसे लावणार? म्हणून उतार, फिरण्याचा वेग, हवा आणि कचऱ्यातला ओलावा यांवरून सॉफ्टवेअर आतल्या तापमानाचं गणित मांडतं. ओला कचरा एकदम आला, तर आच किती उतरेल, याचा अंदाज आधीच मिळतो.

अर्थात, हा अंदाजच. धुराड्यातून खरंच काय बाहेर पडतंय, ते मोजावंच लागतं.